मदत हवी आहे: तळपायाला फोड आलेत, उद्या घाट आहे. टेम्पोत बसलं तर चालतं का?

लालबागची_सून
पहाटे चारला निघायचंय, त्याआधी कुणीतरी सांगा प्लीज. पहिलीच पदयात्रा आहे. दोन्ही तळव्यांना फोड आलेत, डाव्या टाचेचा तर लिंबाएवढा झालाय. उद्या घाट चढायचा. आमच्यातल्या एक जुन्या काकू म्हणतात, मध्ये टेम्पोत बसलं की यात्रा मोडली. असा खरंच नियम असतो का?
दुसरं, रस्त्यात लोक चहा, पोहे, ताक, कलिंगड घेऊन उभे असतात. नको म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो, सगळीकडे खाल्लं तर चालवत नाही. पैसे देऊ केले तर एक आजोबा चक्क रागावले. काय करायचं अशा वेळी? आणि पालखीमागे बूट घालून चाललं तर चालतं ना?

घाटमाथा
ताई, कुठला घाट? चैत्रात मुंबईहून माणसं कार्ल्याला एकवीरेलाही चालत जातात आणि शिर्डीलाही. बोरघाट की कसारा? बूट कसले, नवे की वापरातले? आज मुक्काम कुठे आहे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

पिठलंभाकर
सुईदोरा! सुई तापवून फोडातून दोरा ओवायचा, दोन्ही टोकं बाहेर ठेवायची. रात्रभर पाणी झिरपतं, सकाळी पाय मोकळा. आमच्या दिंडीत आळंदीपासून पंढरपूरपर्यंत हाच उपाय चालतो.

रात्रपाळी
कृपा करून दोरा आत ठेवू नका. त्याच दोऱ्यावरून रस्त्यावरची घाण फोडाच्या आत जाते. मी नर्स आहे, असे पिकलेले पाय वॉर्डात पाहिलेत. फोड लहान असेल तर फोडायचाच नाही, वरची कातडी हेच सगळ्यात चांगलं ड्रेसिंग. ठणकत असेल आणि पाऊलच टेकवत नसेल, तर स्वच्छ हातांनी, निर्जंतुक सुईने कडेला बारीक छिद्र करून पाणी काढायचं आणि वर स्वच्छ गॉझ. कातडी सोलायची नाही.
पण आधी सांगा, शुगर आहे का?

पिठलंभाकर
लाखो वारकरी चालतात, सगळ्यांचे पाय पिकतात का? आमच्या माळकऱ्यांना विचारा.

रात्रपाळी
ज्यांचे पिकतात ते दिंडी सोडून घरी जातात, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. ताई, शुगरचं सांगा.

लालबागची_सून
कसारा हो, शिर्डीलाच चाललोय. रामनवमीला पोचायचंय. मुक्काम खर्डीला. बूट नवीनच आहेत. टेम्पोचं कुणीच सांगत नाहीये.

चाळीतला_साई
साईराम ताई. मी सांगतो. टेम्पो सामानासाठी असतो तसा थकलेल्या माणसासाठीही असतो. आमच्या मंडळात दरवर्षी कुणी ना कुणी बसतं, आणि शिर्डीत सगळ्यांना सारखंच दर्शन होतं. काकूंचा तो स्वतःचा नेम असेल, त्याचा मान ठेवा, पण तो तुम्हाला लागू नाही.
एक मात्र कटाक्षाने पाळा. प्रमुखांना सांगितल्याशिवाय गाडीत बसू नका. अंधारात एक माणूस कमी भरला की सगळी पालखी थांबते आणि कार्यकर्ते उलट्या पावली शोधत जातात.
चहावाल्यांचं म्हणाल तर पैसे कधीच काढू नका. त्यांनी ती सेवा मानलेली असते. कप अर्धा मागा, पोहे दोघीत एक घ्या, कलिंगडाची एक फोड घ्या, नमस्कार करून पुढे चला. हात जोडून 'पोट भरलंय' म्हटलेलं कुणाला लागत नाही, तोंड फिरवून गेलेलं लागतं. फारच वाटलं तर शिर्डीत अन्नदानाची पावती फाडा.
बूट मागे चालताना चालतात. पालखीला खांदा देताना आमच्याकडे काढतात.

पिठलंभाकर
प्रमुखांना सांगण्यावरून आठवलं. माऊलींच्या सोहळ्यात मुक्कामाला समाजआरती असते. चोपदाराने दंड उंचावला की सगळा समाज शांत. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग तिचं ऐकलं जातं. हरवल्या-सापडल्या वस्तूही तिथेच पुकारतात. शिर्डीच्या मंडळांनी ही पद्धत घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

दादर_फास्ट
परतीचं आत्ताच बघून ठेवा. साईनगर शिर्डीहून सीएसएमटीला वंदे भारत आहे, नाशिकरोड, कल्याणमार्गे. उत्सवात तिकीट मिळणं मुश्कील.

घाटमाथा
परतीचं कुणी विचारलंय? ताई, नवे बूट बाजूला ठेवा, सवयीच्या सॅंडल असतील तर त्या घाला. घाटात अंधार असेल तर अंगावर चमकणारी पट्टी हवीच. रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, समोरून येणारा ट्रक दिसतो.

चाळीतला_साई
एकट्यादुकट्याला ते ठीक. रथ डावीकडून, मागे आमची झेंडेवाली गाडी. एकटी बाई उजवीकडे गेली तर तिला कोण सांभाळणार? पालखी सोडून बाजू बदलू नये.

घाटमाथा
मागून ब्रेक फेल झालेला कंटेनर झेंडा बघत नाही. हा वाद दरवर्षी होतो आणि दरवर्षी कुणीतरी चिरडलं जातं.

लालबागची_सून
शुगरची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. ते पायाशी कशाला जोडताय? डाव्या टाचेचं तर मला फारसं दुखतही नाहीये.

रात्रपाळी
ताई, लिंबाएवढा फोड आणि दुखत नाही, हीच काळजीची गोष्ट आहे. शुगरमध्ये पायाची जाणीव कमी होते, जखम चिघळते आणि कळत नाही. सुई लावू नका, दोरा तर नकोच, गरम पाण्यातही पाय घालू नका, भाजलेलं समजणार नाही. वर कोरडं गॉझ ठेवा, रात्री चालू नका. सकाळी तिथल्या दवाखान्यात दाखवा. नाहीच जमलं तर खर्डीहून लोकलने आसनगावला उतरा, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. आणि उन्हात चालून जेवणाच्या वेळा चुकल्यात का? गोळी घेऊन उपाशी चाललात तर साखर एकदम उतरते. खिशात साखर, ग्लुकोज काहीतरी ठेवा. अर्धा कप गोड चहा नाकारू नका.

पिठलंभाकर
शुगर असेल तर माझा उपाय मागे घेतो. ताई, डॉक्टरांचंच ऐका.

लालबागची_सून
प्रमुखांना उठवून सांगितलं. ते म्हणाले, पहाटे निघायचंच नाही, उजाडल्यावर कार्यकर्ता गाडीने दवाखान्यात नेईल. डॉक्टरांनी हो म्हटलं तर घाट टेम्पोत, आणि पुढे इगतपुरीला घाटनदेवीपासून बघू. काकू रुसल्यात, पण ओडोमॉस आणून दिलं.

घाटमाथा
डॉक्टर नाही म्हणाले तर कसाऱ्याहून लोकल सुटते, घरी या. बूट कुठल्या मापाचे घेतलेत ते लिहा, एक नंबर मोठा लागतो.

दादर_फास्ट
आणि तिकीट?