मदत हवी आहे : अग्निवीर प्रशिक्षणातील सुट्टी आणि कसम परेडची (प्रशिक्षणाअखेरच्या शपथविधी संचलनाची) पूर्वसूचना

माझा धाकटा भाऊ तीन आठवड्यांपूर्वी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये अग्निवीर म्हणून दाखल झाला आहे. मोबाइल जमा करून घेतात हे ठाऊक असल्याने फोन क्वचित येण्याची तक्रार नाही (आईची आहे, पण ती आम्ही सांभाळून घेऊ). गावातील माजी सैनिकांना विचारले, परंतु त्यांचे अनुभव 2022 मध्ये अग्निपथ योजना सुरू होण्यापूर्वीचे आहेत. बहिणीचे लग्न प्रशिक्षणाच्या काळातच येत असून मुहूर्त अद्याप ठरलेला नाही, शिवाय वडील एसटीत वाहक असल्याने त्यांना रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो. अलीकडच्या तुकड्यांतील मुलांना प्रशिक्षणाच्या मध्यावर सुट्टी मिळाली होती का, आणि कसम परेडची तारीख घरच्यांना साधारण किती दिवस आधी कळली?