टस्कन लेदर की ला युकावम: जादा पैसे नेमके कशाचे?

मरवा: टॉम फोर्ड या अमेरिकी फॅशन ब्रँडचे 'टस्कन लेदर' हे परफ्यूम २००७ मध्ये आले. रासबेरी, केशर आणि चामडे यांचा त्यातला मेळ इतका गाजला, की पुढे त्याच वळणाची अनेक परफ्यूम निघाली. त्यांपैकी रसासी या दुबईच्या कंपनीच्या 'ला युकावम'शी त्याची तुलना नेहमी होते, आणि टस्कन लेदर त्याहून बरेच महाग आहे. माझ्या मते ही तफावत गंधाची नाही. चामड्यापासून अत्तरासारखे तेल निघत नाही; परफ्यूममधील चामडे हे बर्चचे डांबर, आयसोब्युटिल क्विनोलिन, सॅफ्रालीन अशा द्रव्यांनी रचलेला आभास असतो आणि ही द्रव्ये दोन्ही उत्पादकांना विकत मिळतात. अस्सल चामडे दोन्ही बाटल्यांत नसेल, तर महागडीला अस्सल का म्हणावे?

वाळा: असहमत. द्रव्ये मिळणे आणि त्यांचे प्रमाण साधणे यांत फार अंतर आहे. गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून आलेखावर दाखवणाऱ्या चाचणीने, मूळ परफ्यूममधील बरेचसे घटक ओळखता येतात, हे खरे. परंतु नैसर्गिक तेलांत शेकडो संयुगे असल्यामुळे कोणत्या प्रतीचे तेल वापरले हे त्या आलेखावरून सांगणे कठीण जाते. शिवाय मोठ्या सुगंध कंपन्या काही रेणू केवळ स्वतःच्या परफ्यूमरांसाठी राखून ठेवतात. कागदी पट्टीवर पहिली काही मिनिटे दोन्ही परफ्यूम जुळी भासतात, पण त्वचेवर काही तास गेल्यानंतर टस्कन लेदरमधील कोरडे, किंचित धुरकट चामडे मागे उरते, तर ला युकावम मला गोडसर वाटते.

केवडा: गोडसर वाटणे हा दोष कसा? टस्कन लेदरची सुरुवात कित्येकांना बोचरी वाटते, माझ्यासह. त्यातच बाटली, जाहिरात आणि नाममुद्रा यांचा भारही ग्राहकच उचलतो. शेजारी बसलेल्या माणसापर्यंत जो दरवळ पोहोचतो, त्यावरून तो महागडा की स्वस्त हे ओळखणारे विरळाच.

जवादी: शेजाऱ्यासाठी परफ्यूम लावत असाल तर प्रश्नच मिटला! माझा आक्षेप नकलेला आहे. जून २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने परफ्यूमच्या गंधाला स्वामित्वहक्क नाकारला, तर त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मिळू शकतो असे ठरवले. म्हणजे त्या वेळी कायद्यातही एकमत नव्हते, आणि केवळ त्या फटीचा आधार घेऊन दुसऱ्याच्या कल्पकतेवर धंदा करणे मला पटत नाही.

मरवा: मग शनेल या फ्रेंच कंपनीचे काय करणार? तिचेही 'क्वीर द रुसी', म्हणजे रशियन चामडे, नावाचे परफ्यूम आहे, आणि या नावाची परफ्यूम तिच्या आधीही अनेक परफ्यूम कंपन्यांनी विकली होती. चामड्याचा गंध ही कोणा एकाची मिरास कधीच नव्हती.

जवादी: चामड्याचा गंध कोणाचाही नाही, हे मान्य. पण परफ्यूमर एर्नेस्ट बो यांनी शनेलसाठी तो आपल्या पद्धतीने रचला. चामड्याला रासबेरी आणि केशराची तीच जोड देणे म्हणजे प्रकार उचलणे नव्हे. ती थेट रचनेची उचल आहे.