मदत हवी आहे: पाइप गॅससाठी जुना गॅस अलार्म चालेल का?

परळला आमच्या घरी सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला. ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर जुना गॅस अलार्म आहे. सिलिंडरचा गॅस म्हणजे प्रोपेन-ब्युटेन, हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली साचतो. म्हणून तो तिथे लावला होता. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो छताकडे जाणार. म्हणजे आत्ताची जागा चुकीचीच.

आईला वास अजिबात येत नाही आणि दुपारी ती एकटी असते, म्हणून ही घाई. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळतात त्या मर्कॅप्टनचा वास तिच्या काहीच उपयोगाचा नाही.

सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले, गळती नाही. अलार्मचं टेस्ट बटण दाबलं की तो वाजतो, पण त्याने फक्त भोंगा चालू असल्याचं कळतं. मागच्या बाजूला फक्त 'एलपीजी' लिहिलंय. दुकानदार म्हणाला, "कुठेही लावा, चालतं." मला पटलं नाही.

स्वयंपाकघर लहान आहे, खिडकीत एक्झॉस्ट पंखा, चिमणी नाही. भाड्याचं घर, त्यामुळे भिंतीत फार तोडफोड नको.

एलपीजीचा अलार्म नुसता वर लावला तर मिथेन वेळेत पकडेल का, की मिथेनचा वेगळाच घ्यावा लागेल? आणि छतापासून, शेगडीपासून किती अंतरावर लावायचा?