अलीकडे कोणते सिनेमे बघितले? पाचपैकी मार्क द्या, आणि का दिले तेपण लिहा

गोदाकाठ, नाशिक

मंडळी, गेल्या वर्ष-दीड वर्षात थिएटरात, ओटीटीवर, टीव्हीवर जे काही बघितलं असेल त्याला पाचपैकी मार्क द्या, पण का दिले ते दोन ओळीत तरी लिहा. नुसतं 'भारी आहे', 'टाइमपास', 'एकदा बघायला हरकत नाही' असं वाचून मला काही ठरवता येत नाही, कारण घरचे पाच जण निघालो की तिकीट, पार्किंग, इंटरव्हलचं खाणं धरून खर्च चांगलाच होतो, त्यात बाबांचे गुडघे दुखतात, एवढं सगळं करून गेलो आणि सिनेमा फुसका निघाला की सगळ्यांचाच रविवार वाया जातो. पेपरातले स्टार बघणं मी सोडलंय, तिथं सरसकट सगळ्यांना साडेतीन असतात.

आधी माझे सांगतो.

आता थांबायचं नाय - ४. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार दिवसभर राबून रात्रशाळेत बसतात आणि दहावी देतात, खऱ्या घटनेवर आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव ह्या दोघांना आपण इतकी वर्षं हसवतानाच बघितलं, इथं दोघांनीही इतकं संयमानं काम केलंय की मला त्यांची जुनी कामं आठवलीच नाहीत. ओम भूतकरचा मास्तर पण मस्त. उत्तरार्धात डोळ्यातून पाणी काढायचा सपाटा लावलाय, तो एक मार्क कापला. बाबा बाहेर पडल्यावर गाडीत बसेपर्यंत त्यांच्या रात्रशाळेच्या गोष्टी सांगत होते, ह्याआधी आम्हाला त्यातलं काही माहीतच नव्हतं.

दशावतार - ३. दिलीप प्रभावळकरांना पाच, सिनेमाला तीन. डोळ्यांना कमी दिसणारा म्हातारा कलावंत आणि त्यानं आता थांबावं म्हणणारा मुलगा, ह्या दोघांमधलं जे आहे ते अप्रतिम. इंटरव्हलनंतर मात्र सूडकथा होते आणि वाईट माणसं पहिल्या फ्रेमपासून वाईटच दिसतात.

जारण - ३.५. अमृता सुभाष, आणि आपल्या नाशिकची अनिता दाते. अनितानं जी काय भीती घातलीय ना, मुलीला रात्री दिवा लावून झोपायला लागलं. शेवटावरून घरात दोन गट पडले.

छावा - २.५. विकी कौशलनं जीव ओतलाय, अक्षय खन्नाचा औरंगजेब कमी बोलून जास्त घाबरवतो. पण संस्कृतात बुधभूषण लिहिणारा, एकाच वेळी मुघल, सिद्दी, पोर्तुगीज सगळ्यांशी झुंजणारा राजा होता तो, ह्या बाजूला सिनेमात जागा फार थोडी, आरडाओरडा फार. मला महाराजांबद्दल आदर आहे म्हणूनच मार्क कमी देतोय.

आता प्रश्न. स्थळ, होमबाउंड आणि साबर बोंडं हे तीन बघायचे राहिलेत. घरात आई-बाबा सत्तरीतले, मुलगी नववीत. सगळ्यांनी मिळून कोणता बघावा आणि आम्ही दोघांनीच कोणता बघावा? फक्त शेवट फोडू नका प्लीज.

सिडकोकर

दशावतारला ३? नाही पटलं भाऊ. माझ्याकडून ४.५.

तुम्ही म्हणता इंटरव्हलनंतर सूडकथा होते, पण ती कोण करतंय बघा ना. ज्या माणसानं आयुष्यभर तोंडाला रंग लावून देव उभे केले त्याला राग आला तरी तो रंगातूनच येणार, दुसरं हत्यारच नाही त्याच्याकडं. त्यामुळे एकेक अवतार येतो तेव्हा मला तरी ती मारामारी वाटली नाही, त्याचं नाटकच वाटलं, फक्त आता समोर प्रेक्षक नाही, शत्रू आहे. आणि सिनेमात जो खाणीचा विषय आहे तो काही लेखकाच्या डोक्यातून आलेला नाही, सिंधुदुर्गात कळण्याच्या खाणीवरून किती वर्षं भांडण चाललं ते वाचून बघा. प्रभावळकर १९४४ सालचे, म्हणजे ऐंशी पार, त्या वयात जंगलात, पाण्यात जे केलंय ते बघून मी खुर्चीतून पुढं सरकून बसलो होतो.

माझ्या मागच्या रांगेत अंबडच्या कंपनीत कामाला असलेले मालवणी लोक होते, बायका-पोरं घेऊन आलेले. पेटी-मृदंग सुरू झाला की सगळी रांग पायानं ठेका धरायची, एक आजोबा तर मोठ्यानं दाद देत होते. नाशिकमध्ये इतके कोकणी लोक राहतात हे मला त्या शोला कळलं. घरी मोबाईलवर बघितला असता तर कदाचित मीपण साडेतीनच दिले असते, हे मान्य.

बाकीचे पटकन: एप्रिल मे ९९ - ३.५, सुट्टीतली पोरं आणि कोकण, फार काही घडत नाही पण गोड आहे. गुलकंद - २.५, समीर चौघुले आहे म्हणून. धुरंधर - ३, साडेतीन तास म्हणजे फार झालं राव, पण अक्षय खन्ना आला की झोप उडते.

निफाडची लेक

स्थळ - ५. अर्धा सुद्धा कापणार नाही.

दादा, हा तुम्ही सगळ्यांनी एकत्र बसून बघा, मुलीला तर बघायला लावाच. चंद्रपूरकडचं छोटं गाव आहे, कापूस पिकवणारा बाप, शिकणारी मुलगी सविता, आणि तिला बघायला येणारी एकेक स्थळं. कलाकार बहुतेक गावातलीच साधी माणसं आहेत त्यामुळे कुणी अभिनय करतंय असं वाटतच नाही. टोरांटोच्या फेस्टिव्हलला २०२३ मध्ये नेटपॅक, म्हणजे आशियाई सिनेमांसाठीचा पुरस्कार मिळाला, आपल्याकडं थिएटरात यायला २०२५ चा मार्च उजाडला.

दिग्दर्शक जयंत सोमलकरनी एक गोष्ट केलीय ती मला फार आवडली. बघायचा कार्यक्रम एकदा दाखवून सोडून दिला नाहीये, परत परत दाखवलाय. तेच पोहे, तोच चहा, समोर बसलेली सगळी पुरुषमंडळी, आणि तेच प्रश्न, नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पहिल्यांदा थिएटर हसलं. दुसऱ्यांदा थोडं कमी. नंतर नंतर कुणीच हसेना, आणि माझ्या शेजारच्या सीटवरच्या बाई चक्क मान खाली घालून बसल्या होत्या. सिनेमाची सुरुवात तर अशी केलीय की पहिली पाच मिनिटं प्रत्येक पुरुषानं बघावीत, काय ते सांगत नाही.

आमच्याकडं निफाड तालुक्यात कापूस नाही, द्राक्षं आणि कांदा, बाकी सगळं तेच. माझ्या वेळी तर मुलीची उंची नीट कळावी म्हणून माझ्या जावेला... म्हणजे तेव्हा ती जाऊ नव्हती, तिला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं होतं. भाव पडला की हुंड्याचं काय होतं, बाप कुणाकुणाच्या पाया पडतो, हेपण ह्या सिनेमात आहे, शेती आणि लग्न दोन्ही एकमेकांत कसं अडकलंय ते इतकं स्पष्ट मी कुठं बघितलं नव्हतं. आता उलट काळ आलाय, शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत म्हणून ओरड आहे, ती ओरड करणाऱ्यांनी आधी हा बघावा असं मला मनापासून वाटतं.

आडगाव नाका

होमबाउंड - ४.५.

मसानवाल्या नीरज घेवानचा आहे. दोन मित्र, एक मुसलमान, एक दलित, दोघांना पोलिस भरतीत जायचंय कारण वर्दी मिळाली की लोक नीट बोलतील असं त्यांना वाटतं. मग लॉकडाऊन लागतो. पुढचं सांगत नाही. न्यूयॉर्क टाइम्समधल्या बशारत पीरच्या लेखावरून घेतलाय, कान्सला दाखवला होता, आणि भारताकडून ऑस्करलापण हाच पाठवला होता.

मी हायवेच्या बाजूला राहतो. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये मुंबई-आग्रा रोडवरून जी माणसं चालत गेली ती आम्ही गेटवरून बघितलीत, कसारा घाट चढून आलेली, डोक्यावर बोचकी, पोरांच्या पायात चपला नाहीत. आमच्या कॉलनीनं खिचडी आणि पाण्याच्या बाटल्या वाटल्या, कुणी कुणी जुन्या चपला काढून दिल्या. १ मे ला नाशिकरोडवरून भोपाळची श्रमिक गाडी सुटली, दुसऱ्या दिवशी लखनौची, तरी रस्त्यावरची गर्दी काही कमी होईना. त्यामुळे मला हा सिनेमा नीट परीक्षण करून बघताच येत नाही. त्यात एका आईच्या टाचांच्या भेगा दाखवल्यात, जवळून, थोडाच वेळ. ते बघितल्यावर मी बंद केला आणि दुसऱ्या दिवशी उरलेला बघितला.

विशाल जेठवा फॉर्म भरताना आडनाव लपवतो, कॅटेगरीच्या रकान्यात जनरल लिहितो, तेव्हाचा त्याचा चेहरा बघा. ईशान खट्टरनं पण त्याचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम केलंय. अर्धा मार्क जान्हवी कपूरच्या भागाचा कापला, तिची भूमिका आणखी लिहायला पाहिजे होती.

आई-बाबांना दाखवाल तर रात्री नको, दिवसा दाखवा. मुलीला दाखवायला काहीच हरकत नाही, नववीत आहे म्हणजे लॉकडाऊन तिला आठवतच असेल.

प्रवरेकाठचा (सध्या नाशिकरोड)

साबर बोंडं बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ४.५.

रोहन कानवडेचा पहिलाच मोठा सिनेमा आणि अमेरिकेतल्या संडान्स फेस्टिव्हलला २०२५ ला वर्ल्ड सिनेमाचं ग्रँड ज्युरी प्राइज. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेले म्हणून गावी येतो, दहा दिवसांचं सुतक पाळायचं, आणि त्या दहा दिवसांत लहानपणीचा मित्र बाळ्या परत भेटतो. दोन पुरुषांमधलं प्रेम आहे, पण कुठंही झेंडा घेऊन उभं राहिल्यासारखं दाखवलेलं नाही. पार्श्वसंगीत अजिबात नाही. कोंबड्या, वारा, बायकांचं रडणं, भांड्यांचे आवाज, बस्स. कॅमेरा एका जागी ठेवलाय आणि माणसं त्यात येतात जातात.

शूटिंग आमच्या संगमनेर भागातलं आहे. त्यातली भाषा कानावर पडली आणि मला माझ्या चुलत्यांच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटलं, सिनेमात ही भाषा नेहमी विनोदासाठी वापरतात, इथं प्रेमासाठी वापरलीय. आणि सुतकात सुद्धा नातेवाईक 'आता लग्नाचं बघा' म्हणून मागं लागतात ना, ते इतकं खरं आहे! माझे वडील गेले तेव्हा दशक्रिया व्हायच्या आधी घाटावर मला हेच विचारलं होतं. जयश्री जगताप यांनी केलेली आई बघा. तिला मुलाचं सगळं माहीत आहे आणि ती त्याच्या बाजूनं आहे, पण गावात राहून बाजू घ्यायची म्हणजे किती जपून बोलावं लागतं, कुठं गप्प बसावं लागतं, हे त्या बाईंनी नुसत्या नजरेनं दाखवलंय.

गोदाकाठ, हा आधी तुम्ही दोघं बघा. जवळिकीचे काही प्रसंग आहेत. आणि अतिशय संथ आहे, बाबांना कंटाळा येऊ शकतो. अर्धा मार्क मी त्या संथपणाचाच कापलाय, मधला काही भाग आटोपशीर करता आला असता.

पंचवटीकर

सगळ्यांचं वाचलं, छान लिहिताय पोरांनो. पण ह्यातले किती जणांना हे सिनेमे थिएटरात सोयीच्या वेळेला बघायला मिळाले ते पण सांगा. माझा अनुभव असा की चांगला मराठी सिनेमा लागतो तेव्हा शो सकाळी साडेनऊचा नाहीतर भर दुपारचा, एवढ्या मोठ्या शहरात एक किंवा दोन. नोकरदार माणूस जाणार कसा? मग लोक आले नाहीत म्हणून पुढच्या शुक्रवारी काढून टाकतात. २०१५ ला सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठीला प्राइम टाइम द्या सांगितलं तेव्हा आम्ही खूश झालो होतो, नंतर प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. दुपारी १२ हा प्राइम टाइम कुणाचा? हे फाळक्यांचं गाव आहे, त्र्यंबकेश्वरला जन्मले, नाशिकलाच गेले, इथं तरी मराठी सिनेमाला संध्याकाळचा एक शो हक्कानं मिळायला पाहिजे, ह्याबद्दल मी शेवटपर्यंत बोलत राहणार.

आता माझे मार्क. नातवाबरोबर यूट्यूबवर कालिया मर्दन बघितला, १९१९ चा, दादासाहेबांचा, इथं नाशिकलाच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत केलेला. मूकपट. ५ पैकी ५, आणि हे मी जुना म्हणून देत नाही. कृष्णाचं काम त्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं केलंय. सुरुवातीला ती पोर नुसते चेहऱ्यावरचे हावभाव करून दाखवते, मग आपल्यासमोरच तिचा कृष्ण होतो. नातू मोबाईलवरचं सगळं पळवत पळवत बघतो, इथं तो कालियाच्या मारामारीला उठून टीव्हीजवळ जाऊन उभा राहिला. शंभर वर्षांपूर्वी पाण्याखालचा सीन कसा केला असेल ह्यावर आमची जेवणं थंड झाली. तुमच्या मुलीला दाखवाच. आणि त्याच्या जोडीला हरिश्चंद्राची फॅक्टरी, परेश मोकाशीचा, २००९, तो ४.५. नंदू माधवनं फाळके असे उभे केलेत की घरातलं कपाट विकून सिनेमा काढणारा माणूस कुठंही बिचारा वाटत नाही.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार, मला हवं होतं ते अगदी हेच. ठरवलं असं: ह्या रविवारी सगळ्यांनी मिळून स्थळ, शनिवारी दुपारी होमबाउंड, साबर बोंडं आम्ही दोघं. कालिया मर्दन रात्री लगेच लावला, मुलीनं पूर्ण बघितला आणि मंदाकिनी तेव्हा केवढी होती म्हणून शोधत बसलीये.

सिडकोकर, तुमचं रंगाचं म्हणणं डोक्यात बसलं, तरी वाईट माणसांच्या लिखाणाबद्दल माझं मत तेच आहे, तीनच राहू द्या.

पंचवटीकर काका, संध्याकाळच्या शोचं शंभर टक्के बरोबर. आपण दहा-पंधरा जण मिळून मॅनेजरला लेखी दिलं तर? पुढचा मराठी सिनेमा लागायच्या आधीच द्यायला पाहिजे, लागल्यावर काही होत नाही. मी मसुदा लिहितो.

निफाडची लेक

मसुद्यावर माझी सही धरा, मिस्टरांची पण.

आणि दादा, स्थळ लावायच्या आधी तुमच्या आईंना गोष्ट सांगू नका, तशाच बघू द्या. त्यांचे मार्क तुमच्यात मिसळू नका, वेगळे लिहा, मला त्यांचेच वाचायचेत.