राउटर रिसेट झाल्यापासून रिमोट डेस्कटॉप बंद, अर्जंट मदत हवी

हिशेबनीस_म्हापसा
इंटरनेटवाल्याने आमच्या ऑफिसातला राउटर रिसेट केला आणि तेव्हापासून काउंटरच्या कॉम्प्युटरवरून आतला कॉम्प्युटर उघडतच नाही. रिमोट डेस्कटॉप लावलं की थोडा वेळ नुसतं फिरत राहतं आणि मग कनेक्ट होत नाही म्हणून सांगतं. इंटरनेट दोन्हीकडे मस्त चालू आहे, पासवर्ड तोच आहे, कोणी कशाला हात लावलेला नाही. टॅली, बिलिंग सगळं आतल्या मशीनवर, २० तारखेच्या आत जीएसटीचा थ्रीबी रिटर्न भरायचाय, आणि उद्या शुक्रवार म्हणजे बाजार, काउंटरवर गिऱ्हाईक उभं राहणार. इंटरनेटवाला फोन उचलत नाही. काय सेटिंग करायचं ते प्लीज लवकर सांगा.

फोंड्याचा_नेटवर्क्या
यात माहिती काहीच नाहीये. विंडोज कुठली? होम की प्रो? काउंटरवरून आयपी (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता) टाकून जोडता की कॉम्प्युटरचं नाव टाकून? दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग मारा आणि आयपीव्हीफोर अ‍ॅड्रेस इथे टाका.

पोर्टवाला_बाबू
रिसेट झाला म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं राउटरने आतल्या मशीनकडे वळवणं) उडालं, डोळे झाकून सांगतो. राउटरमध्ये जाऊन ३३८९ पोर्ट आतल्या मशीनच्या आयपीकडे फॉरवर्ड करा, पाच मिनिटांचं काम.

फोंड्याचा_नेटवर्क्या
बाबू, त्या एकाच ऑफिसात काउंटरवरून आत जातायत. एकाच नेटवर्कवर पोर्ट फॉरवर्डिंगचा संबंध काय? ते घरून ऑफिसात शिरायचं असेल तर लागतं.

पोर्टवाला_बाबू
माझ्याकडे असाच प्रॉब्लेम होता आणि असाच सुटला. बाकी तुमची मर्जी.

एनीडेस्क_झिंदाबाद
२०२६ मध्ये रिमोट डेस्कटॉप कोण वापरतं हो? एनीडेस्क टाका, नंबर टाका, झालं. ना आयपीची भानगड ना राउटरची.

हिशेबनीस_म्हापसा
साहेबांना एनीडेस्क नकोय, नेट गेलं की बिलिंग बंद पडेल म्हणतात. विंडोज १० आहे, प्रो आहे वाटतं. काउंटरवर जो शॉर्टकट आहे त्याच्यात १९२.१६८.०.५० असं लिहिलंय, जुन्या इंजिनिअरने करून दिलेला, तो आता दुबईला आहे.

डिचोलीकर
एनीडेस्कचं फुकटवालं घरगुती वापरासाठी असतं, धंद्यात वापरलं तर लायसन मागतं, हेही सांगत चला. आणि ताई, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ते मशीन बदलायचं बघा.

हिशेबनीस_म्हापसा
मशीन बदलायचं नंतर बघू हो, आधी बिलं निघू देत.

सावंतवाडी_टू_पणजी
मला वाटतं नेटवर्क पब्लिक झालं असेल. राउटर बदलला की विंडोजला ते नवीन नेटवर्क वाटतं आणि ते पब्लिक धरून चालतं. आतल्या मशीनवर सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हेट करा, शेअरिंग वगैरे सगळं चालू होईल.

निवृत्त_काका
माझ्याही घरी गेल्या गडगडाटात असंच झालं. कॉम्प्युटरला केबल लावली की पिवळा त्रिकोण येतो, वायफायवर मोबाईल चालतो. आयपी १६९.२५४ ने सुरू होतो. काय करावे? आमच्याकडे मान्सूनच्या आधी वीज पडते तेव्हा मी सगळे प्लग काढून ठेवतो पण त्या दिवशी मी सांकवाळला लग्नाला गेलो होतो.

हिशेबनीस_म्हापसा
प्रायव्हेट करून बघितलं, काही फरक नाही. फायरवॉलमध्ये पण रिमोट डेस्कटॉपला टिक आहे. आणि एक सांगायचं राहिलं, साहेबांच्या लॅपटॉपवरून तोच शॉर्टकट चालतो!! फक्त काउंटरवरून नाही. मग आतल्या मशीनमध्ये प्रॉब्लेम कसा असेल? काउंटरवरून प्रिंटपण जात नाही पण तो प्रिंटर जुना आहे, तो वेगळा विषय.

फोंड्याचा_नेटवर्क्या
वेगळा विषय नाही हो, तोच विषय आहे! आता आयपीकॉन्फिग टाकाच, काउंटर आणि लॅपटॉप दोन्हीचा. आणि ऑफिसात इंटरनेटचे डबे किती आहेत ते मोजून सांगा.

हिशेबनीस_म्हापसा
काउंटर १९२.१६८.१.४. लॅपटॉप १९२.१६८.०.१०२. डबे दोन. जुना काळा आत माळ्याखाली, आणि इंटरनेटवाल्याने एक नवीन पांढरा दाराजवळ लावलाय, त्याच्यातच ती फायबर येते. नेट स्लो होतं म्हणून लावला म्हणाला.

फोंड्याचा_नेटवर्क्या
पहिल्या पोस्टमध्ये म्हणालात कोणी हात लावला नाही 🙂

बघा, तुमच्याकडे आता दोन नेटवर्क झालीयत. पांढऱ्या डब्याचं १९२.१६८.१ वालं, आणि त्याच्या पोटात काळ्याचं १९२.१६८.० वालं. काउंटर पांढऱ्यावर आहे, आतलं मशीन आणि प्रिंटर काळ्यावर. लॅपटॉप काळ्याच्या वायफायवर आहे म्हणून त्याला सगळं दिसतं. काळ्याकडून पांढऱ्याकडे जाता येतं म्हणून इंटरनेट सगळीकडे चालतं, पण पांढऱ्याकडून काळ्याच्या आत शिरता येत नाही, राउटर बाहेरून आलेलं अडवतोच. आता सांगा, काळ्यात जी केबल पांढऱ्याकडून येते ती कुठल्या भोकात आहे? निळ्या रंगाचं किंवा डब्ल्यूएएन (म्हणजे बाहेरची लाइन) लिहिलेलं?

हिशेबनीस_म्हापसा
हो, वेगळ्या निळ्या भोकात. ती केबल म्हणजे आमची आधीची काउंटरची केबल आहे, तीच त्याने काढून पांढऱ्यात लावली आणि काउंटरला नवीन छोटी वायर दिली. आता कळलं मला, टेबल का सरकवलं होतं ते.

पोर्टवाला_बाबू
म्हणजे मी म्हणत होतो तेच! काळ्या राउटरमध्ये ३३८९ फॉरवर्ड करा १९२.१६८.०.५० ला, आणि काउंटरवरून काळ्याचा बाहेरचा आयपी टाका, १९२.१६८.१.काहीतरी असेल. चालतं की नाही बघा. आधी बोललो तर हसत होते.

फोंड्याचा_नेटवर्क्या
चालेल, मान्य. पण प्रिंटर तरी बंदच राहील, त्याचं परत वेगळं फॉरवर्डिंग, आणि काळ्याचा तो बाहेरचा आयपी उद्या बदलला की परत इथे धागा. दोन नेटवर्क करून मध्ये खिडकी पाडण्यापेक्षा एकच करा ना.

डिचोलीकर
आणि कृपा करून कोणी पांढऱ्या डब्यात ३३८९ बाहेर इंटरनेटला उघडून ठेवू नका. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात, पासवर्ड मारून बघतात आणि आत शिरले की टॅलीचा डेटा लॉक करून पैसे मागतात. पोर्टचा नंबर बदलला म्हणजे सेफ झालं असंही नाही. साहेबांना घरून बघायचं असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित खाजगी रस्ता) करा.

पोर्टवाला_बाबू
मी आतल्याआत म्हटलं होतं, बाहेर नाही. नीट वाचा.

सावंतवाडी_टू_पणजी
मग आतल्या मशीनचा आयपी बदलून १९२.१६८.१.५० करायचा, प्रिंटरचाही, सोपं.

फोंड्याचा_नेटवर्क्या
सोपं कसं? मशीन, प्रिंटर, लॅपटॉपचा शॉर्टकट, काउंटरचा शॉर्टकट, सगळीकडे बदलत फिरायचं. उलट करा. ताई, ऑफिस बंद झाल्यावर करा आणि याच क्रमाने, आधी केबल हलवू नका. आणि आतल्या मशीनला बसून करा, लॅपटॉप नको, त्या मशीनला स्वतःचा फिक्स आयपी आहे म्हणून ते मध्येच अडकणार नाही.

पहिलं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकून काळ्यात शिरा. डीएचसीपी (राउटरने आपोआप आयपी वाटणं) बंद करा आणि त्याचा लॅन, म्हणजे आतल्या नेटवर्कचा, आयपी १९२.१६८.०.२ करा. तो रिस्टार्ट होईल, होऊ दे. मग काउंटरवरून १९२.१६८.१.१ टाकून पांढऱ्यात जा, पासवर्ड डब्याच्या खाली स्टिकरवर असतो बहुतेक. त्याचा लॅन आयपी १९२.१६८.०.१ करा, डीएचसीपी १०० पासून पुढे द्या म्हणजे ५० ला कोणी धडकणार नाही. प्रिंटरचा नंबर १०० च्या खालचा आहे ना तेही बघून घ्या. मग आत जाऊन ती निळ्या भोकातली केबल काढून काळ्याच्या साध्या लॅनच्या भोकात टाका, काउंटरची जागा तिथे रिकामी असेलच. काळा आता राउटर नाही, नुसता स्विच आणि वायफाय. काउंटर बंद करून चालू करा.

आतल्या मशीनला गेटवे (इंटरनेटकडे जायचं दार) १९२.१६८.०.१ च दिलेला असणार, म्हणून तिथे काहीच बदलायला नको. काउंटरचा शॉर्टकटसुद्धा तोच.

एनीडेस्क_झिंदाबाद
एवढ्यात माझं एनीडेस्क चालू होऊन चहा पण पिऊन झाला असता.

निवृत्त_काका
माझ्या प्रश्नाचे कोणी उत्तर दिले नाही.

हिशेबनीस_म्हापसा
पांढऱ्याच्या स्टिकरवरचा पासवर्ड घेत नाही. इंटरनेटवाल्याने बदललाय. मेसेज टाकलाय त्याला.

डिचोलीकर
मग आज रात्री पांढरा सोडाच. पांढऱ्याकडे जाणारं टोक काढून ती जुनी केबल परत काउंटरच्या कॉम्प्युटरला लावा आणि आतल्या टोकाला लॅनच्या भोकात. काळ्याला हात लावू नका, त्याचं डीएचसीपी चालू राहू दे. काउंटरचं बिलिंग, प्रिंट दोन्ही चालेल. फक्त काळ्याकडे इंटरनेट नसेल, थ्रीबी भरायला मोबाईलचं हॉटस्पॉट. बाजाराच्या दिवशी काउंटरला यूट्यूब कशाला हवंय.

हिशेबनीस_म्हापसा
हे केलं. उघडलं!! प्रिंटपण आली, तीन दिवसांची अडकलेली सगळी एकदम निघाली, कागद संपला. पांढऱ्याचा पासवर्ड मिळाला की फोंड्याच्या दादांनी सांगितलं तसं करते. साहेब विचारतायत की ते लॅपटॉपवरून आत शिरले की आतल्या मशीनची स्क्रीन लॉक होते, ते पण राउटरमुळे का?

फोंड्याचा_नेटवर्क्या
नाही, ते विंडोज प्रो आहे म्हणून. एका वेळी एकच माणूस. दोघांना एकदम हवं असेल तर सर्व्हर विंडोज आणि त्याची लायसन्स, ते साहेबांना दर ऐकवून विचारा.

काका, १६९.२५४ म्हणजे कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, मग त्याने स्वतःच ठेवून घेतला. दुसरी केबल आणि राउटरचं दुसरं भोक लावून बघा. तरी पिवळा त्रिकोण राहिला तर विजेने कॉम्प्युटरचं लॅनकार्ड उडालं असेल, यूएसबीचं लॅन अ‍ॅडॉप्टर मिळतं, ते लावा.

निवृत्त_काका
दुसरे भोक चालले. पहिल्या भोकाजवळ थोडे काळे पडले आहे.