गिरणगावातल्या घरगुती खाणावळी : दर आणि खाडे याबद्दल माहिती हवी आहे

१९८२ च्या गिरणी संपाआधी मुंबईत लालबाग-परळच्या चाळींत बायका खाणावळी चालवायच्या. गावाकडे कुटुंब ठेवून आलेले गिरणी कामगार पाळीनुसार जेवून जायचे, पैसे पगार झाल्यावर. त्यावर लेख लिहितोय. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या, खाणावळवाल्या बायकांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाबद्दल वाचून झालंय. बाकी पुस्तकांत संपावर पानंच्या पानं, ताटावर मात्र दोन ओळी! हॉटेलं, इराणी नकोत. फक्त चाळीतल्या खाणावळी. घरात ऐकलेलंही चालेल, साल तेवढं अंदाजे सांगा.

महिन्याचा दर किती असे? मटण-मासे त्यातच की वेगळे पैसे? गणपतीत, शिमग्याला गावी गेलं की खाडे वजा व्हायचे का? आणि कुणाकडे हिशेबाची जुनी वही आहे का?