विषय: असिसीचा किल्ला, आईबाबांना घेऊन जावं का?

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत, रोम-फ्लॉरेन्स ठरलंय आणि मधे एक दिवस असिसी. संत फ्रान्सिसची बॅसिलिका (मोठं चर्च) तर बघणारच, पण वर तो किल्ला दिसतो फोटोत, रोक्का माज्जोरे, तो करावा का? आईचे गुडघे दुखतात, बाबा मात्र राजगड चढलेला माणूस, ते ऐकणार नाहीत. कोणी गेलंय का?

———

ताई, नमस्कार.
आम्ही गेलोय आणि माझं मत विचाराल तर किल्ला आधी करा, बॅसिलिका नंतर. सगळे उलट करतात, मग संध्याकाळी दमून म्हणतात जाऊ दे. आपल्या गडांसारखं माची, बालेकिल्ला, टाकी असलं काही शोधायला जाऊ नका, आत तसं फार नाही. पण संत फ्रान्सिसची गोष्ट खरं तर इथून सुरू होते.

म्हणजे बघा, बाराव्या शतकाच्या शेवटी इथे जर्मन सम्राटाचा माणूस बसलेला, स्पोलेटोचा ड्यूक कॉन्राड. पुढे सम्राट झालेला दुसरा फ्रेडरिक तान्हा असताना याच्याच घरी वाढला. 1197 मधे सम्राट सहावा हेन्री गेला, 1198 मधे कॉन्राड पोपपुढे मान तुकवायला गावाबाहेर पडला आणि मागे गावकऱ्यांनी किल्लाच पाडला! फ्रान्सिस तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, कापड व्यापाऱ्याचा मुलगा. तो पाडायला होता का याचा पुरावा नाही, पण एवढ्याशा गावात त्याने बघितलं नसेल असं होणार नाही. मग गावातले सरदार पळून समोरच्या पेरुजाला गेले (फ्रान्सिसची पुढे शिष्या झालेल्या संत क्लाराचं घराणं त्यातलंच), भांडण पेटलं, 1202 मधे कोल्लेस्त्रादाला लढाई झाली आणि फ्रान्सिस पकडला जाऊन जवळजवळ वर्षभर पेरुजाच्या कैदेत. तिथून आजारी होऊन परतला आणि मग हळूहळू घरदार सोडण्यापर्यंत गोष्ट गेली. बुरुजावरून पलीकडच्या टेकडीवर पेरुजा दिसतं, बाबांना तिथे उभं करून हे सांगा.

आज जो उभा आहे तो बराचसा 1360 नंतरचा, पोपतर्फे आलेल्या कार्डिनल आल्बोर्नोझने परत बांधून घेतलेला. म्हणजे लोकांनी सम्राटाचा पाडला आणि दीडेकशे वर्षांनी पोपने तिथेच आपला बसवला. दाराजवळचा गोल बुरुज त्याहून नंतरचा, 1530 च्या दशकातला, तोफांच्या काळातला.

एक सांगतो, बहुकोनी मनोऱ्याकडे जायला भिंतीच्या पोटातून लांबलचक बोळ आहे, अंधारा आणि इतका अरुंद की समोरून कोणी आलं की अंग चोरून भिंतीला चिकटावं लागतं. आईंना तिथे नको. सान रुफिनोच्या चौकातून वर चढ आहे, उभा आहे, टॅक्सी बऱ्यापैकी जवळ सोडते.

———

काकांशी सहमत नाही 🙂 आईंना घेऊन जायचं तर किल्ला सोडा सरळ. खालची बॅसिलिका, तळघरातली फ्रान्सिसची समाधी, सांता क्लारा (संत क्लाराचं चर्च), एवढ्यातच दिवस जातो आणि 2026 म्हणजे फ्रान्सिसला जाऊन 800 वर्षं, गर्दी विचारू नका. शिवाय कार्लो आकुतिस (लहान वयात वारलेला मुलगा, समाधी असिसीतच) 2025 मधे संत झाल्यापासून शाळकरी मुलांच्या ट्रिपाच्या ट्रिपा तिकडे. बॅसिलिकेत खांदे झाकलेले हवेत आणि फोटो काढू देत नाहीत, बाबांना आधीच सांगून ठेवा.
हो, आणि स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेलीला आहे, वर जायला बस. उतरल्या उतरल्या पोर्झिउंकोला तिथेच बघून घ्या, मोठ्या चर्चच्या पोटात ठेवलेली इवलीशी चॅपल, परत खाली यायचा त्रास वाचतो.

———

दोघांचे आभार! मग असं करते, आई आणि मी सांता क्लारा, बाबा आणि नवरा वर किल्ल्यावर, चौकात भेटू. बाबांना काकांचा मेल प्रिंट काढून देते. शाकाहारी जेवण?

———

तोर्ता अल तेस्तो मागा, तव्यावर भाजलेली जाड रोटी, आत पालेभाजी आणि चीज घालून देतात. पण काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी असते, आई कडक शाकाहारी असतील तर "स्ट्रुत्तो आहे का" एवढं विचारूनच घ्या.